रंगाचा रकाना

सुगंधा नजरेत भरली ती सातवीत असताना, एका फळ्यामुळे.

गोरेगावच्या त्या शाळेत जिना चढून वर आलं की समोरच मोठा फळा होता. रोज सकाळी सातवीतल्या कुणीतरी त्यावर सगळ्यात वर सुविचार लिहायचा, भोवती रंगीत खडूने वेलबुट्टी काढायची, त्याखाली वार आणि तारीख, मग पट आणि हजेरी, आणि जागा उरलीच तर तळाशी सूचना. कैक वर्षं असंच चाललं होतं. सुगंधाची पाळी आली त्या दिवशी फळ्याच्या माथ्यावर वीतभर अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘आज शाळेत पाणी नाही. घरून आणलेलं जपून प्या.’ सुविचार खाली कोपऱ्यात गेला होता, बारीक अक्षरात, वेलबुट्टीशिवाय.

मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं. दोन घट्ट वेण्या, सावळा तरतरीत चेहरा, खडूने पांढरे झालेले हात पाठीमागे.

“सुविचाराची जागा कुठे असते?”

“वर, सर.”

“मग?”

“सर, सुविचार उद्यापण चालेल. पाणी आज नाहीये.”

सरांनी तिला फळा पुसून पुन्हा लिहायला लावला. तिने लिहिला. सुविचार वर गेला, वेलबुट्टीही आली. पाण्याची ओळ मात्र लगेच त्याच्याखाली, आणि अक्षर पहिल्याइतकंच मोठं. त्यापुढे ती हटली नाही आणि सरांनीही मग तो विषय सोडून दिला.

तिचा बाप धाकू लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, होता. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, आणि तो अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसू लागला. आई शिवणकाम करायची. सुगंधा पार्ल्याच्या कॉलेजातून बी. कॉम. झाली, अंधेरीला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकली. तेव्हा ते शिकणाऱ्या मुली मोजक्याच. शेजारी विचारत, “टायपिंगच ना गं ते?” ती म्हणे, “हो, फक्त मशीन उलट उत्तर देतं.”

तिच्या लग्नाचं बघायचं म्हणून धाकू तिला पार्ल्याच्या ज्ञाती मंडळात घेऊन गेला. मंडळाचं वधूवर केंद्र रविवारी भरायचं. तिथला एक शिरस्ता होता. मुलीला सोबत आणायचं. बापाने अर्ज भरायचा. मग धोंडिराम कारकून चष्म्यावरून मुलीकडे बघणार, आणि ‘रंग’ या रकान्यात बापाने लिहिलेलं त्याला पटलं नाही तर सगळ्यांदेखत लाल शाईने खोडून स्वतःचं लिहिणार. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. अर्ज मग तीन फायलींत लागत. गोरी कपाटाच्या वरच्या खणात, गव्हाळ मधल्या, आणि सावळी अगदी खाली, सत्यनारायणाच्या चौरंगामागे. तिथवर वाकायची तसदी फारसं कोणी घेत नसे.

धाकूने लिहिलं, ‘गव्हाळ’. धोंडिरामने सुगंधाकडे पाहिलं, डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे पाहिलं, आणि खोडून ‘सावळी’ लिहिलं.

“अहो, उन्हातसून इली हा ती, म्हणान तशी दिसता,” धाकू म्हणाला.

“सगळ्याच उन्हातून येतात, धाकू,” धोंडिराम म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. रोज जे करायचं तेच त्याने केलं होतं.

सुगंधाने तो खालचा खण तेवढा बघून ठेवला.

पुढे दोनेक वर्षांनी, अठ्ठ्याऐंशी साली, मंडळाच्या एका दुबईकर सभासदाने मंडळाला कॉम्प्युटर भेट दिला. तो पसंत करून आणला नंदकिशोरने. नंदकिशोर म्हणजे अध्यक्ष भाऊरावांचा भाचा. त्याला तो चालू करता येत होता आणि बंद करता येत होता. मधलं कोणीतरी करायला हवं होतं. ज्ञातीतलीच कोणी शिकलेली मुलगी बघा, असं ठरलं, आणि सुगंधाला नोकरी लागली. गिरणीच्या मानाने अर्ध्या पगारावर धाकूचा चाललेला संसार त्या दिवशी जरा सैल बसला.

काम सोपं वाटत होतं. अर्जातली माहिती मशीनमध्ये घालायची आणि स्थळ शोधायला आलेल्यांना दाखवायची. पण मशीनचा पडदा म्हणजे काळी काच, त्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं आणि जेमतेम वीस-बावीस ओळी. अर्ज होता चार पानी. पहिल्या पडद्यावर काय येणार, मागे काय जाणार आणि काय येणारच नाही, हे आधी ठरवायला हवं होतं.

नंदकिशोरने पहिल्याच दिवशी मशीनवरचं प्लास्टिकचं आवरण काढलं, खुर्ची झटकली आणि म्हणाला, “बस. डायरेक्ट टाईप कर. आठवड्यात झकास होऊन जाईल.”

सुगंधाने आवरण परत घातलं. मंडळात एका पेटाऱ्यात लग्नपत्रिका साठल्या होत्या. मंडळातर्फे जमलेल्या लग्नांच्या, कौतुकाने ठेवलेल्या. त्यांचा पुठ्ठा जाड आणि पाठ कोरी. तिने कात्री मागितली.

“अगं ए, कॉम्प्युटर शिकलीस की पाळणाघर?”

“नंदू, काचेवर एकदा छान दिसायला लागलं ना, की ते पुसायला जीव होत नाही. आणि बघणारे पण ‘वा वा’ म्हणून गप्प बसतात. पुठ्ठा फाडायला काय लागतं?”

“वाट लागेल या पत्रिकांची.”

“लग्नं झालीत त्यांची. आता मोडत नाहीत.”

तिने घरून शाळेतली पाटी आणली. पाटी म्हणजे पडदा. पत्रिकांच्या पाठीवर पेन्सिलीने एकेक रकाना लिहून पट्ट्या कापल्या. नाव, वय, शिक्षण, नोकरी, मूळ गाव, देवक, उंची, रंग. पट्ट्या पाटीवर मांडायच्या, सरकवायच्या, काढायच्या. एक मांडणी जमली की तिचं कच्चं चित्र एका पत्रिकेच्या पाठीवर काढून ठेवायचं, आणि लगेच दुसरी मांडायची. पहिल्या आठवड्यात अशा ढीगभर झाल्या. एकही तिला पसंत नव्हती.

मग पुढचे चार रविवार ती पाटी घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोरच बसली.

“मावशी, हा समजा कॉम्प्युटर. तुम्ही विचारा, मी दाखवते.”

“हा कॉम्प्युटर?” कांदिवलीच्या एक बाई म्हणाल्या. “मग परवा नारळ कशाला फोडला गं?”

हसत हसत बायका विचारू लागल्या. मुलीच्या आया पहिल्यांदा जे विचारत ते अर्जात कुठे नव्हतंच. “जागा स्वतःची का पागडीची?” “घरात माणसं किती?” “मोरी आत आहे का बाहेर?” सुगंधाने नवी पट्टी कापली, ‘जागा’, आणि ती सरळ वर नेऊन ठेवली. ‘घरातली माणसं’ तिच्याखाली. पगाराचा रकाना घसरत मध्यावर आला. खजिनदार सीताराम येता-जाता वाकून बघत आणि विचारत, “देवक आहे ना? देवक काढू नकोस हां.” देवक होतं.

मुलाच्या आया आल्या की मात्र एकच. “मुलगी रंगाने कशी?” जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच. सुगंधा ‘रंग’ची पट्टी दाखवायची. तिच्यावर अर्जातलं ‘सावळी’ लिहिलेलं दिसलं की बाई पुढचं वाचतच नसत. शिक्षण नाही, नोकरी नाही, घरचं काही नाही. “दुसरी दाखव गं.” तिने पट्टी दुसऱ्या ओळीत नेऊन बघितली, दहाव्या ओळीत नेऊन बघितली, पाटीच्या तळाशी ठेवून बघितली. नजर बाकीच्या पट्ट्या ओलांडून तिथेच जायची आणि तिथेच थांबायची.

सोमवारी तिने ती पट्टी पाटीवरून उचलली आणि टोपलीत टाकली.

नंदकिशोरने ती टोपलीतून काढली. “हे काय?”

“नको ते.”

“नको कसं? तूच लोकांना विचारत बसलीस ना महिनाभर? लोकांनी सांगितलं काय हवंय ते. आता ऐकायचं नाही? मग विचारलंस कशाला, यार?”

हा प्रश्न खरा होता आणि तो तिला लागला.

“विचारलं ते लोक कसं शोधतात ते कळायला,” ती म्हणाली. “मागतील ते पुडीत बांधून द्यायला मी वाणी नाही. ही एक पट्टी असली की बाकीच्या सगळ्या असून नसल्यासारख्या. मग मशीन कशाला? तो चौरंगामागचा खण आहेच की.”

“मामा ऐकणार नाहीत.”

“नको ऐकू देत.”

भाऊरावांनी खरंच ऐकलं नाही. ते रेल्वेत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, मंडळ त्यांनीच उभं केलेलं, आवाज न चढवता बोलायची सवय. त्यांनी पाटी हातात घेतली, चष्मा सारखा केला आणि ओळीने सगळं वाचलं.

“जागा, माणसं. छान सुचलंय. आता वर रंग घाल.”

“नाही घालणार, भाऊकाका.”

“दुसऱ्या पानावर घाल मग.”

“दुसऱ्यावर पण नाही.”

खोलीत धोंडिराम होता, सीताराम होते. धोंडिरामची लेखणी थांबली.

“पोरी,” भाऊराव म्हणाले, “मशीन मंडळाचं, काम मंडळाचं. तुझ्या मर्जीचं घर बांधायला नाही ठेवलेलं तुला. रविवारी समितीची बैठक आहे. त्यात रंग दिसला पाहिजे. नाहीतर अंधेरीच्या त्या क्लासमधून दुसरी मुलगी येईल.”

घरी तिने बापाला सांगितलं. धाकू राखणीवरून येऊन पाय धूत होता. पाय तसेच ओले ठेवून तो उंबऱ्यावर बसला.

“तुया काय सांगलंस तेंका?”

“घालणार नाही म्हटलं.”

“एक शब्द तो. घाल गो. नोकरी जायत. संपात माजो हट पायलंस मा? काय रवला?”

“हट्ट तुमच्याकडूनच आलाय.” ती हसली, पण हसू टिकलं नाही. जरा वेळाने तिने विचारलं, “बाबा, त्या अर्जात तुम्ही ‘गव्हाळ’ का लिहिलं होतं?”

“का म्हणजे?”

“मी सावळी आहे. तुम्हाला दिसत नव्हतं?”

धाकू रागावला. खराच रागावला. “माका जशी दिसता तशी लिवलंय. तेका काय झाला?”

त्याने खोटं लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षं तिला वाटत होतं की बापाने तिला खपवायला म्हणून ते लिहिलं.

रविवारी बैठकीला समितीची सगळी मंडळी जमली. कांदेपोहे झाले, चहा झाला. भाऊराव म्हणाले, “हं, दाखव.” सुगंधाने पाटी ठेवली. त्यावर रंग नव्हता. मग ती वाकली, चौरंग बाजूला केला, खालच्या खणातली फाइल उपसली आणि अर्ज टेबलावर मांडायला लागली. पोह्यांच्या बशा तिने एकेक करून बाजूला सारल्या.

“हे काय चालवलंयस?” सीताराम म्हणाले.

“रंग हवाय ना? कुठला घालू ते सांगा. लाल शाई सोडून वाचा, सीतारामकाका. बापाने काय लिहिलंय ते.”

सीतारामांनी एक अर्ज उचलला. “गव्हाळ.” दुसरा. “गव्हाळ, नाकीडोळी नीटस.” तिसरा. “गोरीपान.” तिथे लाल शाईने ‘अगदी सावळी’ होतं. कोणीतरी हसलं. सीतारामांनी आणखी एक उचलला, मग दुसऱ्यांनीही हात घातला. गव्हाळ. उजळ. गव्हाळ. गोरी. फाइल सगळी सावळ्या मुलींची, आणि तीत एकाही बापाने मुलीला सावळी म्हटलेलं नव्हतं.

“म्हणजे सगळे खोटारडे,” नंदकिशोर म्हणाला.

“माझा बाप खोटारडा नाही,” सुगंधा म्हणाली. “त्याला मी दिसते तशी त्याने लिहिली. घरच्यांचं लिहिलेलं मशीनमध्ये घालायचं असेल तर सांगा, आत्ता घालते. सगळ्या गव्हाळ. मग शोधा त्यातून. आणि खोडलेलं घालायचं असेल, तर तो रंग मुलीचा नाही, धोंडिरामकाकांच्या डोळ्यांचा आहे. तसं नाव देते रकान्याला.”

“तोंड सांभाळून बोल,” भाऊराव म्हणाले.

“सांभाळूनच बोलतेय, काका. तुमच्या जयाचा अर्ज यंदा यायचाय. तिला बोलवा इथे. ट्यूबलाइटखाली उभी करा. धोंडिरामकाका बघतील आणि लिहितील. मग मी रकाना घालते. पहिल्या ओळीत.”

जया ही भाऊरावांची धाकटी मुलगी. आजोळच्या वळणावर गेलेली, सावळी. तिचा अर्ज दोन वर्षं भाऊरावांनीच आणला नव्हता आणि का आणला नव्हता ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भाऊरावांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

तेव्हा धोंडिराम खाकरला. “मी काय म्हणतो, अध्यक्ष. मला यातून मोकळं करा.”

“तुला काय झालं?”

“डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे माझ्या. उजव्यालाही आलाय म्हणतात. दोनेक वर्षं मी आपला अंदाजानेच लिहितोय.”

मग सीतारामांना असं काही हसू फुटलं की त्यांना ठसका लागला. “अरे धोंडिराम! माझ्या पुतणीला काळी लिहिलंस ना रे तू!”

“तिने जांभळं नेसलं होतं,” धोंडिराम म्हणाला. “मला तेवढंच दिसलं.”

हसण्यात सगळी सामील झाली, भाऊराव सोडून. ते उठले, बंडीचं बटण लावलं आणि म्हणाले, “तो रंगाचा विषय तूर्त राहू दे. पुढच्या बैठकीत बघू.” दारापाशी थांबून त्यांनी सुगंधाकडे पाहिलं. “बशा उचल.”

“मी नाही मांडल्या,” ती म्हणाली, आणि अर्ज गोळा करायला लागली. बशा नंदकिशोरने उचलल्या.

पुढच्या बैठकीत तो विषय निघाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मशीन सुरू झालं, हिरव्या अक्षरांत ‘जागा’ पहिल्या ओळीत दिसू लागलं. म्हणून लोकांनी रंग विचारणं सोडलं असं मुळीच नाही. फोटो होतेच, आणि फोटो स्टुडिओवाले त्यावर पावडर फासून देतच होते. पण निदान अर्ज आता एकाच फाइलीत लागायचे, आडनावाच्या अक्षराप्रमाणे, आणि लाल शाईची बाटली धोंडिरामने वर्गणीच्या कामाला घेतली. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे चांगलं झालं.

सुगंधाला त्याची किंमत पडली. सगळी माहिती घालून झाली तशी भाऊरावांनी तिला शांतपणे सांगितलं, “आता काम उरलं नाही.” ती भांडली नाही. जाताना तिने स्वतःचा अर्ज फाइलीतून काढून घेतला. धाकू त्यावरून तिच्याशी बरेच दिवस धड बोलला नाही. नोकरीचं दुःख त्याला कमी होतं, अर्जाचं जास्त.

अंधेरीच्या एका कंपनीत तिला काम मिळालं. इस्पितळांसाठी, गोदामांसाठी कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय कुठे दिसावं ते बसवायचं. तिथल्या साहेबांनाही पहिल्या दिवसापासून सगळं वर हवं असायचं. ती पुठ्ठ्याच्या पट्ट्या टेबलावर पसरायची आणि म्हणायची, “घाला. पण आधी एक काढा.” काहींशी जमलं, काहींशी मोठ्याने वाजलं. दोनदा नोकरी बदलली. एका साहेबाने तिला तोंडावर ‘आडमुठी’ म्हटलं. ती म्हणाली, “पट्टी कुठली काढताय ते बोला.” कापायला लग्नपत्रिका लागतात म्हणून ओळखीचे लोक तिला जुन्या पत्रिका आणून देत.

लग्न तिने केलं नाही. नवस बोलून नाही, रुसूनही नाही. स्थळं आली, काही बरी होती, तिला करावंसं वाटलं नाही. धाकूने शेवटची काही वर्षं तिच्याच घरी काढली, बोरिवलीला. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानाने सांगायचा की लेकीने दोन खोल्यांची स्वतःची जागा घेतली, मोरी आत आहे.

भाऊराव गेल्यावर मंडळाने कॉम्प्युटर बदलला, तेव्हा नवं बसवून द्यायला म्हणून जया तिला बोलवायला आली. जयाचं लग्न मंडळातूनच झालं होतं. त्यानंतर निवडणुकीत कोणीतरी सुगंधाचं नाव सुचवलं. एका सभासदाने हरकत घेतली, वधूवर केंद्राला बिनलग्नाची बाई कशी चालेल म्हणून. “मला घाई नाही, म्हणून नीट बघते,” ती म्हणाली. मतं पडली आणि ती निवडून आली.

सुगंधा सध्या त्या मंडळाची चिटणीस आहे. रविवारी दहा ते एक ती कचेरीत भेटते.